दोन दासींपैकी एक

यिलान, १४ मार्च २००४

प्रिय छुन-बी,

तुझं पत्र पोचलं. बत्तीस वर्षांनी चार ओळी लिहिल्यास, त्यातही खुशाली नाही, नमस्कार नाही. स्वभाव तसाच आहे म्हणायचा.

तू म्हणतेस तो मजकूर वर्तमानपत्रात खरंच आला होता. जानेवारीत इथल्या सभागृहात एवढ्या वर्षांच्या विनोदी कामांबद्दल यावताईचा सत्कार झाला. तिला आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण आहेत. पाच मिनिटं बोला म्हणाले, ती चाळीस मिनिटं बोलली. सुरुवात नेहमीचीच. "माझं नाव बोंग-याव, म्हणजे आलीच आहे तर वाढवूया. चौथीही मुलगीच झाल्यावर बापाला दुसरं काही सुचेना. आज तुम्ही फुलं दिलीत, तेव्हा वाढवणं अगदीच वाया गेलं नाही." लोक हसत होते, तेवढ्यात ती थांबली आणि म्हणाली, "एकाहत्तर साली एका खेळात मी एक विनोद केला. तो सरकारला झोंबला. विनोद माझा, आणि पोलिसांनी नेलं आमच्या छुन-बीला. तिनं तो स्वतःच्या अंगावर घेतला, माझं नाव सांगितलं नाही. त्यानंतर मी जे काही केलं ते तिच्या जिवावर. हा सत्कार अर्धा ब्राझीलला पाठवा." सगळं सभागृह उठून उभं राहिलं. तेच छापून आलं, आणि तुझ्या भाच्यानं कात्रण तुला धाडलं.

तू लिहितेस, "मी काहीही अंगावर घेतलं नव्हतं. अकरा दिवस मी सांगत होते की ते वाक्य माझं नव्हे. तिला हे कोणी सांगितलं?"

अगं, एवढ्या जुन्या गोष्टी. माणूस म्हातारं झालं की ऐकलेलं, वाटलेलं, पाहिलेलं सगळं एकात एक मिसळतं. आपल्या नाटक कंपनीत तेव्हा नाना तऱ्हेचं बोललं जायचं. कोणाच्या तोंडून काय निघालं ते आता कसं शोधणार?

एक विनंती आहे. तिला फोन करू नकोस. तिचं हृदय नाजूक झालंय. आणि पत्र पाठवलंस तर ते मलाच वाचून दाखवावं लागेल, तिला अजून अक्षर येत नाही. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, कंपनी मोडल्यापासून. देवळांचे खेळ असले की उसनी माणसं गोळा करून करतो. मी अजून राजपुत्राचंच काम करते. चौसष्टाव्या वर्षी. लांबून पाहतात म्हणून चालतं.

तुझी मुलं-नातवंडं कशी आहेत ते लिही.

किम-हून


यिलान, २ मे २००४

छुन-बी,

तुझं दुसरं पत्र वाचून मी दोन दिवस ते उशीखाली ठेवून होते. यावताईला सापडलं असतं तरी वाचता आलं नसतं, पण ठेवलं.

माझ्याबद्दल तू काहीही लिही. पण "विनोद करून ती नामानिराळी राहिली, मी सडले, आणि आता म्हातारपणी माझ्या नावावर टाळ्या घेतेय" हे तू तिच्याबद्दल लिहायला नको होतंस. तू तिच्याबरोबर नऊ वर्षं काढलीस. ती नामानिराळी राहणारी बाई होती का?

औषधांच्या गाडीबरोबर फिरत होतो ते दिवस आठव. आपण गायचं, लोक जमायचे, मग मालकाचं मलम विकायचं. मालकानं तिला पढवलं होतं, म्हण की गुडघे पंधरा दिवसांत बरे होतात. ती पेटीवर चढली आणि म्हणाली, "मंडळी, हे मलम मी सहा वर्षं लावतेय." मग पेटीवरून उतरून लंगडत एक फेरी मारून दाखवली. "गुडघा आहे तसाच आहे. पण वास असा आहे की सासू दोन हातांच्या आत येत नाही. ज्यांना सासू आहे त्यांनी न्या." मालक काळानिळा झाला. आणि दुपारच्या आत डब्या संपल्या. तू मागे खोक्यावर बसून इतकी हसलीस की तुझा मुकुट पडला.

तशी ती तोंडावरही होती. माझं गाणं ऐकायला लोक तीन गावं ओलांडून यायचे तेव्हा तिनं मला सांगितलं होतं, "तुझा आवाज चांगला आहे, किम-हून. पण गाताना तू स्वतःलाच ऐकतेस. लोकांना उगीच चोरून ऐकल्यासारखं वाटतं." मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी कळलं की ती खरं बोलली होती. ते मला अजून सुधारता आलेलं नाही.

तू जे वाक्य अकरा दिवस नाकारत राहिलीस ते तुला पाठ असेल. पळून बेटावर आलेला राजा आणि त्याच्या दोन म्हाताऱ्या दासी. दोघींची तोंडं पांढरी, दोघी कमरेत वाकलेल्या, एक तू आणि एक ती. आपल्याला लिहिलेलं नाटक कधी नव्हतंच, गोष्ट सांगायचे आणि वाक्यं ज्याची त्यानं जागेवर बोलायची. राजा म्हणतो, यंदा राजधानीला परत जायचं, ट्रंक भरा. आणि यावताई म्हणाली, "महाराज, वीस वर्षं दर नव्या वर्षाला ही ट्रंक भरतेय. आतल्या उंदरांना नातवंडं झाली. त्यांना तरी विचारा, यायचंय का." आपलं सरकारही तसंच पळून या बेटावर आलेलं, आणि दर नव्या वर्षाला हेच सांगत होतं, समुद्रापलीकडे परत जायचं म्हणून. आधी कोणी हसलं नाही. मग सगळं पटांगण हसलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आले.

आता तुला ठाऊक नाही ते सांगते. तुला नेल्यावर तिसऱ्या दिवशी यावताई अंघोळ करून, बरे कपडे घालून चौकीवर गेली. मी मागोमाग गेले. ती टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "उंदरांचं वाक्य माझं आहे. त्या पोरीला सोडा, मला बसवा." कारकून हसला. तो म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे सगळेच नट. एक मिळालीय ती पुरे." तिनं ते वाक्य तिथं पुन्हा म्हणून दाखवलं, त्याच आवाजात, वाकून. मी तिचा दंड धरला आणि कारकुनाला सांगितलं, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, ती पोरगी हिला मुलीसारखी होती." तो म्हणाला, घेऊन जा. मी घेऊन आले.

तेव्हा ती नामानिराळी राहिली नाही. तिला मी बाहेर काढलं.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

किम-हून


यिलान, २० जून २००४

छुन-बी,

तुझ्या तिसऱ्या पत्रात एकच प्रश्न आहे. "पोलिसांना माझं नाव कसं मिळालं?"

मी दिलं.

लिहून झालं. आता बाकीचं सांगते.

दुपारची वेळ होती. अधिकारी पपनस सोलत बसला होता. सभ्य माणूस, मला खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, तुम्ही कंपनीच्या मुख्य नटी. आमच्या माणसाला दोन दासी सारख्याच दिसल्या. बोलली ती कुठली?" मी म्हणाले, "डावीकडची." मला वाटलं, नाव तर घेतलं नाही. तो म्हणाला, "डावीकडची म्हणजे कोण?" मग मी नाव घेतलं. त्यानं पपनसाची एक फोड माझ्यापुढे केली. मी खाल्ली. गोड होती.

मी स्वतःला सांगितलं की यावताई गेली तर कंपनी बसेल, अठरा माणसं उपाशी मरतील, आणि तू तरुण आहेस, दोन-चार दिवसांत सुटशील. हे मी तेहेतीस वर्षं सांगतेय. हे अर्धं खरं आहे.

उरलेलं अर्धं असं. खेळाच्या आदल्या दिवशी मी देवळाच्या मागच्या बाजूला गेले तेव्हा ती तुला भिकारणीचा प्रवेश शिकवत होती. हातात काही नसताना शेवयांचा वाडगा धरायचा, तीन मुलांना वाटून द्यायचा. पहिल्या दोन मुलांपर्यंत लोक हसायचे. तिसऱ्या मुलापाशी ती नुसती थांबायची, शेवया वाडग्यात परत ठेवायची आणि स्वतः खायला लागायची, हळूहळू, खाली बघत. तेव्हा कळायचं की तिसरं मूल नाहीच. मग कळायचं की पहिली दोनही नाहीत. मी शेकडो वेळा विंगेत उभी राहून तो पाहिला, आणि प्रत्येक वेळी ती थांबायची ती जागा वेगळी असायची. लोक रडले म्हणून कोणी कौतुक केलं तर ती म्हणायची, "शेजारी शेवयांची गाडी होती, त्यांना भूक लागली असेल." तो प्रवेश मी तिच्याकडे मागितला होता. ती म्हणाली होती, "तुला नाही जमायचा, तू सुंदर दिसायला बघशील." आणि तुला तो न मागता देत होती. तू तिसऱ्या मुलापाशी थांबलीस तेव्हा ती म्हणाली, "ही माझ्यापुढे जाईल." मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो विनोद झाला आणि तिसऱ्या दिवशी मला त्या खुर्चीत बसवून विचारलं गेलं.

तू अकरा दिवसांनी परत आलीस, तुझा मंचावर काम करायचा परवाना काढून घेतला होता, आणि तू कोणाशीच बोलली नाहीस. यावताई तुझ्या खोलीच्या दाराशी बसून राहायची, तू दार उघडलं नाहीस. तिनं मला विचारलं, "ती माझ्यावर रागावलीय का?" मी म्हणाले, "नाही गं. तिनं तुझ्यासाठी स्वतःहून अंगावर घेतलंय. आता लाजतेय, तू आभार मानशील म्हणून." म्हणजे "तिला हे कोणी सांगितलं" असं तू पहिल्या पत्रात विचारलंस, ते मी सांगितलं. ती तिथंच जमिनीवर बसून रडली. त्यानंतर चारच महिन्यांत तू काकांकडे ब्राझीलला निघून गेलीस.

सोबतच्या पार्सलात बत्तीस पत्रं आहेत. दर नव्या वर्षाला ती मला समोर बसवून तुला पत्र सांगायची. मी तिच्या शब्दांत लिहून घेतलं, एक शब्द बदलला नाही. पत्ता तुझ्या मावशीनं मला केव्हाच दिला होता. टाकलं मात्र एकही नाही. उत्तर येत नाही म्हणून ती विचारायची, "ब्राझीलचा पोस्टमन पोहत येतो का गं?"

त्र्याऐंशी सालचं आधी वाच. दोन दात पडल्यावरचं आहे. "बोलताना आता शिट्टी वाजते. लोकांना वाटतं नवीन विनोद बसवलाय. मीही तसंच राहू दिलंय. तू असतीस तर तुला सांगितलं असतं की म्हातारी झाले, तू नाहीस म्हणून लोकांना हसवतेय."

किम-हून


यिलान, ९ सप्टेंबर २००४

छुन-बी,

तू लिहिलंस, तू सांग नाहीतर मी फोन करून सांगते, ऑगस्टपर्यंत वाट पाहीन. मी सांगितलं. तीस जुलैला.

मधल्या काळात तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा पाय गेला, बोलणं शाबूत राहिलं. ती अंगणात खुर्चीवर बसून मुळ्याच्या चकत्या वाळत घालत होती. मी समोर उभी राहिले आणि बोलायला लागले.

ती म्हणाली, "बसून सांगा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चव्वेचाळीस वर्षांत तिनं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

सगळं सांगून झालं तेव्हा तिच्या हातातली चकती तशीच होती. तिनं विचारलं, "पपनस खाल्लंत?" मी हो म्हणाले. मग म्हणाली, "पत्रं कुठं आहेत?" जूनमध्ये पाठवली म्हणाले. "मी सांगितली तशी, की सुधारून?" मी म्हणाले, तशीच. तिनं मान हलवली. नंतर म्हणाली, "मंचावर मी आयुष्यभर वाटेल ते बोलले, पण खोटं कधी बोलले नव्हते. जानेवारीत बोलले. तेही तुमचं."

शिवी दिली नाही, रडली नाही. घर सोडून जा म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातल्या बाईला बोलावून तिनं तुला पत्र लिहवलं. ते आता तुझ्याकडे पोचलं असेल. त्यात काय आहे मला माहीत नाही, मी तेव्हा मागीलदारी होते.

तेव्हापासून ती माझ्याशी सभ्यपणे बोलते. "तुमचं जेवण झालं का." "खिडकी लावाल का." या घरात रोज जेवताना मला ठसका लागेपर्यंत हसवलं गेलंय, छुन-बी. बाजारातली बाई, देवळाचा पुजारी, माझी चाल, तिला काहीही पुरायचं. आता भाताची पेज भुरकल्याचा आवाज येतो तेवढाच.

जुन्या पंचांगाच्या सातव्या महिन्यात, ऑगस्टअखेरीस, भुताखेतांसाठी देवळापुढे खेळ असतो तो ठरला होता. तिला काम करता येणार नव्हतं, पण ती म्हणाली, मला खुर्चीत बसवून मंचावर न्या, आधी दोन शब्द बोलायचेत. चौघांनी खुर्ची उचलून वर ठेवली. मी राजपुत्राच्या वेषात तिच्यापासून दोन हातांवर उभी होते, तोंड रंगवलेलं, डोक्याला पिसं लावलेली.

ती म्हणाली, "जानेवारीत मी सभागृहात सांगितलं की छुन-बीनं माझ्यासाठी गुन्हा अंगावर घेतला. ते चूक होतं. ती अकरा दिवस खरं सांगत होती, कोणी ऐकलं नाही. तिचं नाव दुसऱ्याच कोणी दिलं होतं. ज्यांनी मला टाळ्या दिल्या त्यांनी परत न्याव्यात. ज्या कोणी नाव दिलं त्यांना बोलायचं असेल तर मंच मोकळा आहे. मला घाई नाही, मी तशीही बसलेलीच आहे."

लोक शेवटच्या वाक्याला हसले. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती. ढोलवाल्यानं मात्र माझ्याकडे पाहिलं, कारण सुरुवातीची खूण मी द्यायची असते.

मी खूण दिली. त्यानं ठेका धरला.

त्या दिवशी मी चांगली गायले, हे लिहायची लाज वाटते. खेळ संपल्यावर तिला खाली उतरवताना ती म्हणाली, "आज सुरात होतात."

किम-हून


यिलान, २८ नोव्हेंबर २००४

छुन-बी,

यावताई सतरा तारखेला सकाळी गेली. भाच्यानं तुला कळवलं असेलच. झोपेतच गेली. मी पेज घेऊन गेले तेव्हा हात गार लागला.

तिच्या आजारपणात ओळखीची माणसं भेटायला यायची. त्यांच्याशी ती पूर्वीसारखीच बोलायची. डॉक्टर म्हणाला, मीठ बंद. ती म्हणाली, "डॉक्टर, माझ्या नावाचा अर्थ ठाऊक आहे ना? आता इतकी वाढवलीत तर शेवटचे चार घास तरी चवीचे घाला." तो हसत बाहेर गेला. तो गेल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांना छत्री द्या, भुरभुर आहे." तेवढंच.

अंत्यविधीला जुनी माणसं मिळून तीसेक आली होती. शवपेटी बंद करण्याआधी मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं. चौकी, खुर्ची, डावीकडची, पत्रं, सगळं. रंग नव्हता, वेष नव्हता. आपला सारंगीवाला खू, बहात्तर वर्षांचा झालाय, तो तिच्यासाठी शेवटचं वाजवायला आला होता. तो म्हणाला, "त्या दिवशी मंचावर बोलल्या असतात तर तिनं ऐकलं असतं." मग त्यानं नारळाच्या करवंटीची सारंगी परत पिशवीत घातली आणि दारात जाऊन बसला. मी आत होते तोवर वाजवली नाही. मी बाहेर अंगणात गेले तेव्हा वाजवली. भिंतीपलीकडून ऐकली.

खेळ आता बंद केलेत. तिचे कपडे आणि भिकारणीच्या प्रवेशातली काठी तुझ्या नावानं बांधून ठेवली आहे. तिनंच सांगून ठेवलं होतं. तू ये किंवा कोणाला पाठव. तू येशील तेव्हा मी घरात नसावं असं वाटत असेल तर तसं कळव, मी बहिणीकडे जाईन.

अकरा तारखेबद्दल लिहायचं होतं.

तू फोन केलास तेव्हा मी उचलला. तू माझं नाव विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. "यावताईला द्या," म्हणालीस. मी रिसीव्हर तिच्या कानाशी धरला. तिनं तो डाव्या हातात घेतला आणि मला बाहेर जायची खूण केली. मी मागच्या अंगणात गेले. खिडकी उघडी होती, पण मी मुद्दाम नळ सुरू केला, ऐकू येऊ नये म्हणून. नाहीतर ऐकलंही असतं.

मग ती हसली. नळाच्या आवाजातूनही ऐकू आलं. ते लोकांसाठीचं हसू नव्हतं. ते पोटातून, खोकत खोकत, मध्येच श्वास अडकून "पुन्हा सांग, पुन्हा सांग," असं म्हणणारं. मी नळ बंद केला. ती आणखी हसली. मला आठवेना की मी कधी तिला हसवलं होतं. एकदाही. सगळी वर्षं तीच मला हसवत होती.

आत गेले तेव्हा रिसीव्हर छातीवर होता आणि ती बाहीनं डोळे पुसत होती. मी तो जागेवर ठेवला. मला राहवलं नाही, विचारलं, "काय म्हणाली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंडावर हसू अजून होतं, ते हळूहळू उतरत गेलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या."

किम-हून